घरी केलेले सोयामेणाचे दीप : ज्योत का मंदावते?

आश्विन महिना लागला की घराघरांतून दिव्यांची उस्तवार सुरू होते. समया आणि निरांजने चिंचेने घासून लखलखीत केली जातात, कापूस पिंजून वाती व फुलवाती वळल्या जातात, आणि माळ्यावरच्या पणत्यांची टोपली खाली उतरते. नवरात्रातील नंदादीपापासून त्रिपुरी पौर्णिमेच्या त्रिपुरवातीपर्यंत दीड महिना आपल्या घरात दिव्याचेच राज्य असते. आषाढी अमावास्येला ज्या दिव्यांना आपण धुऊन-पुसून पाटावर मांडले व त्यांची पूजा केली, त्यांच्या सेवेचा हा खरा काळ.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरचा मस्तान नाका असो, पालघरचा बाजार असो की बोईसर-तारापूरच्या कामगार वसाहतींतील दुकाने असोत, दिवाळीच्या सुमारास कुंभाराच्या साध्या पणत्यांशेजारी मेण भरलेल्या पणत्या आणि काचेच्या पेल्यांतील मेणदिवे मांडलेले दिसतात. अलीकडे त्यात सोयाबीनच्या मेणाची भर पडली आहे. हे मेण चुऱ्याच्या रूपात पुड्यांतून मिळते, आणि अनेक गृहिणी व महाविद्यालयीन मुली हौसेने ते घरी वितळवून दिवे करू लागल्या आहेत. हौस चांगली, पण पहिल्या खेपेला बहुधा काहीतरी बिनसते. एखादा दिवा मधोमध खोल जळत जातो आणि कडेचे मेण तसेच राहते. एखाद्याची ज्योत पाच मिनिटांत बुडून जाते. एखाद्यावर बुरशी आल्यासारखी पांढरी खार चढते. लक्ष्मीपूजनाच्या ऐन वेळी दिवा मालवला की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात नसती शंका डोकावते, आणि करणारी बिचारी हिरमुसून तो नाद सोडून देते.

वास्तविक यात अपशकुनाचा काही संबंध नाही आणि निराश होण्याचेही कारण नाही. दिव्याचा प्रत्येक दोष आपले कारण स्वतःच सांगत असतो. ते ओळखण्याचे शिक्षण आपल्या गृहिणींना देवघरातच मिळालेले आहे. फक्त ते या नव्या दिव्याला लावून पाहायला हवे.

निरांजनाचेच भावंड

थंडीच्या दिवसांत निरांजनात तूप घालून त्यात फुलवात रोवली की काय होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तूप थिजलेले असते. वात लावली की तिच्याभोवतीचे तूप प्रथम वितळते, ते वातीतून वर चढते, आणि मग ज्योत स्थिरावते. घट्ट स्निग्ध पदार्थ, त्यात उभी वात, आणि दोहोंना सांभाळणारे भांडे! पेल्यातल्या मेणदिव्याची रचना याहून वेगळी काही नाही.

हे साम्य केवळ दिसण्यापुरतेही नाही. सोयामेण म्हणजे सोयाबीनचे तेल घट्ट करून केलेला पदार्थ. पातळ तेलाशी निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायूचा संयोग घडवला की ते घट्ट होते, ही क्रिया विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ च्या सुमारास सिद्ध केली. आपल्याकडे १९३७ मध्ये बाजारात आलेले ‘डालडा’ वनस्पती तूप याच क्रियेतून तयार झाले. हीच क्रिया सोयाबीनच्या तेलावर आणखी पुढे नेऊन दिव्याजोगे मेण करण्याची कल्पना अमेरिकेतील आयोवा राज्यात १९९० च्या दशकात रुजली. म्हणजे नात्याने पाहिले तर सोयामेण हे वनस्पती तुपाचे धाकटे भावंड आणि साजूक तुपाचे दूरचे आप्त होय.

वनस्पतीजन्य स्नेह दिव्यात जाळणे कोकणपट्टीला नवे नाही. रॉकेल गावोगाव पोहोचण्यापूर्वी किनाऱ्यावर उंडीचे व करंजाचे तेल दिव्यांत घातले जाई, आणि डोंगरपट्टीत मोहाच्या बियांचे तेल काढले जाई. पालघर हा भाताचा मुलूख. सोयाबीनची खरी पेरणी मराठवाड्यात व विदर्भात होते. लातूरची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने या पिकाचे अनेक वाण निर्माण केले आहेत. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या आगेमागेच होते, हाही एक सुंदर योगायोग.

ज्योत नेमके काय जाळते?

दोषांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. दिव्यात वात जळते असे आपण म्हणतो. पण खरे इंधन वात नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या तंतूंमधून वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते, आणि ही वाफ हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळते. विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीतून निघणाऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावली की ज्योत त्या धुरावरून उडी घेऊन पुन्हा वातीवर येते, हा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. जळते ती वाफ, हे त्यावरून डोळ्यांना दिसते.

तेव्हा ज्योत चांगली राहण्यासाठी तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो : वातीची जाडी, मेणाचा वितळण्याचा वेग आणि मोकळी हवा. वात बारीक पडली तर मेण पुरेसे वितळत नाही, किंवा वितळलेले मेण तिला उपसता येत नाही. वात जाड झाली तर ती इतके मेण वर ओढते की ते पुरते जळत नाही आणि काजळी धरते. पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ या एकाच मेळात सापडेल.

साहित्य आणि कृती

सोयामेण घेताना पुड्यावरील मजकूर नीट वाचावा. नावात ‘सोया’ असले तरी त्यात पामतेलाचे मेण किंवा खनिज तेलातून निघणारे पॅराफिन मिसळलेले असू शकते. भांड्यांतील दिव्यांसाठी असलेले मेण मऊ असते, आणि साच्यातून काढायच्या मेणबत्त्यांसाठीचे कडक असते. आपल्याला पहिले हवे. ज्या भांड्यात १०० मिलिलिटर पाणी मावते त्याला सुमारे ८५ ते ९० ग्रॅम मेण पुरते. वात पिळाची नव्हे, वेणीसारखी विणलेली सुती घ्यावी, आणि तिच्या बुडाशी पत्र्याची टिकली असावी. स्वयंपाकघरात चालेल असा एक थर्मामीटर मात्र अवश्य आणावा. अंदाजावर विसंबणाऱ्यांचेच दिवे अधिक बिघडतात.

मेण कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरे कोरडे भांडे ठेवावे व त्यात मेण वितळवावे. ते ७५ ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पुरे. सुगंध घालायचा असल्यास ७० अंशांच्या आसपास घालून दोन मिनिटे हलक्या हाताने ढवळावे. शंभर ग्रॅम मेणाला सहा ग्रॅम सुगंधी तेल आरंभी पुष्कळ झाले; दहाच्या वर कदापि जाऊ नये. भांड्याच्या तळाशी मधोमध मेणाच्या थेंबाने वात चिकटवावी, आणि ती सरळ राहावी म्हणून वरून दोन काड्यांच्या चिमट्यात धरावी. मेण ५५ अंशांच्या आसपास उतरले की सावकाश धार धरून ओतावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे.

पुष्कळांना ठाऊक नसते ती गोष्ट पुढे आहे. सोयामेण दुसऱ्या दिवशी घट्ट दिसले तरी ते आतून पूर्ण बसायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर दिवा लावला तर सुगंधही कमी येतो आणि जळणेही अस्थिर राहते. म्हणून दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर दिवे ओतावेत. आश्विन शुद्ध दशमीपासून वद्य द्वादशीच्या वसुबारसेपर्यंत सुमारे सतरा दिवस मिळतात, ते या कामाला अगदी पुरेसे आहेत. त्यातही एक दिवा आठवड्याने लावून पाहावा, म्हणजे दोष असल्यास दुरुस्तीला अवधी राहतो.

मधोमध विहीर पडते

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार हीच. वातीभोवतीचे मेण जळत खाली जाते आणि कडेला जाड भिंत उरते. याची कारणे दोन : वात भांड्याच्या मानाने बारीक असणे, किंवा पहिल्या खेपेस दिवा लवकर मालवणे. पहिल्यांदा दिवा लावला की वितळलेल्या मेणाचे तळे कडेपर्यंत पोहोचू द्यावे. भांड्याच्या तोंडाच्या दर इंचाला सुमारे एक तास हा हिशेब धरावा. म्हणजे अडीच इंच तोंडाच्या पेल्याला अडीच तास. पहिल्या खेपेस मेण जेवढे वितळले तेवढ्याच वर्तुळात पुढेही ते वितळण्याकडे दिव्याचा कल राहतो.

विहीर पडलीच असेल तर पेल्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल झाकणासारखी गुंडाळून मध्ये ज्योतीपुरते मोठे भोक ठेवावे आणि जवळ बसून तासभर दिवा जळू द्यावा. आतली उष्णता कडेकडे जाते व भिंत वितळून पातळी सारखी होते. त्यानंतर पेला व फॉइल दोन्ही तापलेली असतात, म्हणून निवल्यावरच हात लावावा. पुढच्या खेपेस एक क्रमांक जाड वात घ्यावी. तोंड साडेतीन इंचांहून रुंद असेल तर एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

ज्योत बुडते

निरांजनात तूप जास्त झाले आणि फुलवातीचा शेंडा आखूड राहिला की ती वात तुपात बुडते. मेणदिव्याचेही तेच. वात फार आखूड कापली असेल किंवा बारीक असेल, तर वितळलेले मेण तिच्या आवाक्याबाहेर साठते. दिवा मालवावा, वरचे थोडे पातळ मेण कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावे, आणि निवल्यावर वात पुन्हा लावावी.

याला आणखी एक कारण असते, ते आपल्याच घरात घडते. शोभेसाठी किंवा श्रद्धेने मेणात हळद, कुंकू, अष्टगंध किंवा सुकलेल्या पाकळ्या घातल्या जातात. ही पूड मेणात विरघळत नाही. ती वातीच्या तंतूंत जाऊन अडकते आणि मेण वर चढण्याची वाटच बंद होते. पाकळ्या तर ज्योतीजवळ येताच पेट घेतात. हळदीकुंकवाचे बोट भांड्याला बाहेरून लावावे. मेणात काही टाकू नये. कापूर तर मुळीच घालू नये. तो तापल्या मेणाच्या भांड्यातच पेटण्याचा धोका असतो.

काळा धूर आणि काजळी

ज्योत उंच होऊन फडफडते, काच काळवंडते, वातीच्या टोकाला काजळीचे बोंड धरते. वात लांब राहिल्याचे किंवा जाड असल्याचे हे लक्षण. समईची काजळी झाडून वात सारखी करण्याची जी जुनी शिस्त आहे, तीच येथे पाळावी. प्रत्येक वेळी दिवा लावण्यापूर्वी वात सुमारे अर्धा सेंटिमीटर राहील इतकी कातरावी आणि कातरलेला तुकडा मेणात पडू देऊ नये. ‘सोयामेणाचा दिवा धूर करत नाही’ अशी जाहिरात कोणी केली तर ती खरी मानू नये. धूर मेणाच्या जातीपेक्षा वात आणि वारा यांवर अधिक अवलंबून असतो. पंख्याखाली किंवा खिडकीच्या झोतात ठेवलेला कोणताही दिवा काजळी धरणारच.

पांढरी खार आणि रवाळ तूप

मेणावर किंवा काचेच्या आतून पांढरट नक्षी उमटली की पुष्कळजणी घाबरतात व दिवा टाकून देतात. ही बुरशी नव्हे. साजूक तूप कढवून बरणीत भरले आणि सावकाश निवू दिले की त्याला रवा धरतो. रवाळ तुपाचे आपण कौतुकच करतो! सोयामेणातही वनस्पतीजन्य स्नेहाचे तसेच स्फटिक बनतात आणि ते पांढऱ्या खारीसारखे दिसतात. ज्योतीला किंवा सुगंधाला त्यामुळे काहीही बाधा येत नाही. रंग घातलेल्या मेणावर ती अधिक उठून दिसते, म्हणून नवशिक्यांनी रंगाच्या भानगडीत न पडता शुभ्र दिवेच करावेत. भांडे आधी थोडे कोमट करून घेतले, मेण फार तापलेले असताना ओतले नाही आणि नंतर थंडी-उष्णतेचे धक्के बसू दिले नाहीत, तर खार बरीच कमी होते.

काचेच्या आत ओलसर दिसणारे डाग हेही असेच निरुपद्रवी असतात. मेण निवताना किंचित आकसते आणि काही ठिकाणी काचेपासून सुटते, एवढाच त्याचा अर्थ. काच धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी.

खळगे, भेगा आणि घाम

वरचा थर आधी निवून आतला मागून आकसला की मध्ये खळगा पडतो किंवा भेग जाते. ओतल्यावर दिवे पंख्याखाली ठेवणे किंवा घाईने फ्रिजमध्ये ठेवणे हे त्याचे नेहमीचे कारण. केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत वरून फिरवला की पृष्ठभाग वितळून सपाट होतो. खोल खळगा असल्यास काडीने आत टोचून पोकळी मोकळी करावी आणि थोडे मेण वरून ओतावे. फ्रिजचा मोह मात्र टाळावा.

मेणावर तेलाचे थेंब जमले तर त्यास घाम येणे म्हणतात. सुगंधी तेल प्रमाणाबाहेर गेले असेल किंवा उष्णता वाढली असेल तर हे घडते. आपल्या किनाऱ्याजवळच्या दमट मुलखात आश्विनातील दुपार चांगलीच तापते, आणि भांड्यांसाठीचे हे मेण पन्नास अंशांच्या आसपासच वितळते. उन्हाच्या खिडकीत, गॅसजवळ किंवा बंद मोटारीत ठेवलेले दिवे म्हणूनच मऊ पडतात. थेंब टिपून घ्यावेत आणि दिवे झाकण लावून अंधाऱ्या, थंड फडताळात ठेवावेत.

सुगंध येत नसेल तर आधी दिवस मोजावेत. दिवा पुरता बसला नसेल. खाण्याच्या पदार्थांतील इसेन्स मेणात मिसळत नाही, आणि स्पिरिट असलेले सेंट धोक्याचे असते. मेणासाठी म्हणून मिळणारे सुगंधी तेलच वापरावे. देवापुढे तसे पाहिले तर उदबत्ती व फुले असतातच; दिव्याने प्रकाश दिला तरी त्याचे काम झाले.

तडतडणाऱ्या पणत्या

येथे आपली एक जुनी आणि योग्य सवय नव्या मेणाच्या आड येते. तेल घालण्यापूर्वी मातीच्या पणत्या पाण्यात भिजत घालण्याची रीत आहे. कोरडी माती तेल पिते. पाण्याने तिची छिद्रे भरली की तेल वाचते. पण अशा भिजवलेल्या पणतीत तापले मेण ओतले तर मातीतील ओल मेणात येते, बुडबुडे धरतात, आणि दिवा लावल्यावर तडतड होऊन ज्योत मंदावते. मेणासाठी पणत्या भिजवू नयेत. उन्हात खडखडीत वाळवाव्यात, आधी मेणाचा एक पातळ थर देऊन तो निवू द्यावा, आणि मग भराव्यात. पहिला थर माती पिऊन टाकते व दुसरा टिकतो. उथळ पणतीला विणलेल्या वातीऐवजी घरची फुलवातही चालते. ती मेणात बुडवून, शेंडा सरळ करून वाळवून घ्यावी म्हणजे आडवी होत नाही.

एका वेळी एकच बदल

दोष सुधारताना वात, मेण, सुगंध आणि भांडे या सगळ्यांत एकदम फेरफार केला तर काय चुकले होते ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच मापाचे तीन पेले घेऊन तीन जाडीच्या वाती लावून पाहाव्यात, आणि तारीख, मेणाचे वजन, ओततानाचे तापमान व जळण्याचे तास एका वहीत लिहून ठेवावेत. पाकसिद्धीच्या वहीशेजारी ही दुसरी वही शोभून दिसेल.

या संदर्भात महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचे उदाहरण आठवते. तरुणपणी त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्या विकू लागले, आणि १९९४ मध्ये त्यांनी ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा केला. पुढे असंख्य अंध बंधुभगिनींना त्यातून रोजगार मिळाला. ज्यांना ज्योत दिसत नाही त्यांनी इतरांच्या घरांतील ज्योती घडवाव्यात, याहून मोठे दीपदान ते कोणते! दोन दिवे बिघडले म्हणून हात आखडता घेणाऱ्यांनी या धीराकडे पाहावे.

देवघर आणि अंगण

मेणाचा दिवा देवापुढे चालतो का, हा प्रश्न भाविक घरांत हमखास निघतो, आणि तो रास्त आहे. जुन्या काळी पाश्चात्त्य देशांतील साध्या मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये त्याच चरबीतून स्टिअरिन वेगळे काढण्याची रीत निघाली, आणि पुढे खनिज तेलातले पॅराफिन आले. आजही बाजारी मेणबत्तीत मिसळलेले स्टिअरिन प्राणिज की वनस्पतीजन्य, हे पुष्कळदा वरून कळत नाही. शुद्ध सोयामेणाच्या बाबतीत ही शंका उरत नाही, कारण ते सर्वस्वी वनस्पतीजन्य आहे. घरी दिवे करण्याचे खरे महत्त्व येथेच आहे : आपल्या दिव्यात काय जळते, हे आपल्याला ठाऊक असते.

तरीही देवघरात गाईचे तूप आणि तिळाचे तेल यांचे जे स्थान आहे ते त्यांचेच राहावे, हे उत्तम. देवाच्या उजव्या हाताला तुपाचे निरांजन व डाव्या हाताला तेलाचा दिवा ही परंपरा घराघरांत आहे. प्रत्येकाने आपल्या कुळाचाराप्रमाणे वागावे. धनत्रयोदशीचा यमदीप कणकेचा, तेलाचा आणि दक्षिणेकडे वात केलेला असावा. नंदादीपाच्या जागी तर मेणाचा पेला ठेवूच नये. असा दिवा चार तासांहून अधिक सलग जाळणे सुरक्षित नसते. मात्र अंगणातील रांगोळी, तुळशीवृंदावनाची कड, उंबरठ्याच्या दोन बाजू आणि जिन्याच्या पायऱ्या येथे सोयामेणाच्या पणत्या सुंदर शोभतात. त्या सांडत नाहीत आणि फरशीवर तेलाचे ओघळही उठत नाहीत. भांडे रिकामे झाल्यावर गरम पाणी व साबणाने स्वच्छ होते आणि पुन्हा भरता येते. उरलेले मेण तेवढे मोरीत ओतू नये. ते नळीत थिजून बसते.

सावधगिरी

फुंकर मारून दिवा मालवू नये असे घरातील वडील सांगत आले आहेत. मेणदिव्याच्या बाबतीत ते अक्षरशः पाळावे. फुंकरीने तापलेले मेण उडते आणि वात धुमसत राहते. वरून पितळी झाकण किंवा ताटली ठेवली की हवा तुटते व ज्योत शांत होते. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन जळते मेण चौफेर उडते. वितळवताना मेण पेटलेच तर गॅस बंद करून भांडे झाकावे.

तडा गेलेली काच, नारळाची करवंटी आणि प्लॅस्टिक यांत दिवा लावू नये. तळाशी सुमारे एक सेंटिमीटर मेण उरले की तो दिवा संपला असे समजावे, नाहीतर बूड तापून काच तडकते. पदर, ओढणी, पडदे आणि कागदी आकाशकंदील यांपासून दिवे दूर असावेत, आणि घरात कोणी नसताना एकही जळता ठेवू नये. मेणाने हात भाजला तर मेण ओरबाडू नये. लगेच वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली हात धरावा. त्यावर तूप, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजणे मोठे असेल तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ. त्या ओळीत समई आहे, निरांजन आहे, कुंभाराची पणती आहे, पाड्यावरच्या झोपडीतला मिणमिणता दिवाही आहे. शेताबांधावर पिकलेल्या दाण्याच्या स्नेहाने भरलेला घरचा मेणदीप तिच्यात बसला तर ती ओळ आणखी लांबेल. निरांजनाची वात सारखी करताना जी नजर आणि जी निष्ठा लागते, तीच येथे लागते, आणि ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. यंदाच्या दिवाळीत प्रत्येक उंबरठ्यावरची ज्योत निर्धूर, स्थिर आणि मंगल राहो.